जवळचं कॉलेज

सेनगाव,
२९ जून १९९९

विकास उत्तमसिंग राठोड यास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. आज हात वळत नाही, म्हणून तसाच विषयावर येतो.

काल सकाळी मी हिंगोलीच्या एसटी स्टँडवर तुझी वाट बघत उभा होतो. औरंगाबादची पहिली गाडी लागली आणि सुटली. दुसरी लागली, तीही सुटली. काखेत तुझ्यासाठी आणलेली नवी वळकटी, आणि येणारा जाणारा विचारतोय, सर, कुठं निघालात? काय सांगणार, कपाळ? शेवटी कनेरगाव नाक्याच्या एका जीपवाल्यानं सांगितलं की तुमचा तो लांबडा पोरगा किसनरावांच्या कॉलेजात नाव घालून मोकळा झाला, परवाच. जीपवाल्याला माहीत, आणि ज्यानं पाच वर्षं तुझ्यामागे घसा कोरडा केला त्याला नाही.

किसनरावांचं कॉलेज म्हणजे काय ते तुला मी सांगायला पाहिजे का? तीन खोल्या स्लॅबच्या, दोन पत्र्याच्या, आणि एक ग्रंथालय, ज्याची चावी सापडत नाही. हिंगोलीचा जिल्हा झाला म्हणून किसनरावांना वाटतंय आपलं कॉलेजही आपोआप मोठं झालं. बास्केटबॉलचं मैदान आहे, नाही म्हणत नाही. पक्कं सिमेंटचं आहे. पण ते कशासाठी केलं हे सगळ्या मोंढ्याला ठाऊक आहे. दसऱ्यानंतर त्याच्यावर किसनरावांचं सोयाबीन वाळतं आणि शिमग्याच्या आगेमागे हळद. मधल्या दिवसांत पोरं खेळली तर खेळली.

आठवीत तू आमच्या शाळेत आलास तेव्हा वर्गाच्या दारातून वाकून आत यायचास आणि पोरं हसायची. मी हसलो नाही. मी त्याच आठवड्यात लोहाराकडं जाऊन ट्रॉलीच्या जुन्या लोखंडाची रिंग करून घेतली. हेडमास्तर म्हणाले, सोमेश्वर, इथल्या पोरांना कबड्डी येते, हे काय नवं खूळ काढलं? ऐकून घेतलं. बारावीपर्यंत तुला घडवलं, आणि मे महिन्यात औरंगाबादच्या त्या मोठ्या कॉलेजात चाचणीला घेऊन गेलो. एवढ्या पोरांतून त्यांच्या कोचनं एकट्या तुझं नाव विचारलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, हा पोरगा द्या, तीन वर्षांत राज्याकडून खेळवतो. राहणं, जेवण, बूट, सगळं त्यांच्याकडं. त्यांची पोरं खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागलीत, रेल्वेत लागलीत. तुझ्या अख्ख्या तांड्यात आजवर सरकारी पगार कोणी घेतलाय का, सांग.

एक गोष्ट तुझ्या डोक्यात असेल तर बोलूनच टाकतो. चाचणीला निघालो त्या सकाळी तुझी आई स्टँडवर गाठोडं घेऊन उभी होती, मी बी येते म्हणून. मी तिला परत पाठवलं. आरशांची ओढणी, दंडापर्यंत बांगड्या, अशी बाई त्या कॉलेजात मैदानाच्या कडेला बसली असती तर पोरांनी तुला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली असती. आम्ही शिकायला अमरावतीत राहिलोय, मोठ्या गावची पोरं कशी असतात ते मला विचार. नानीबाईनं गाठोडं उचललं आणि जीपकडं गेली. त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं.

दहा जुलैपर्यंत नाव घालता येतं. मी तिथं शब्द टाकून ठेवलाय. हे पत्र मिळताच शाळेत ये.

सोमेश्वर कावरखे


सेनगाव,
१९ जुलै १९९९

विकास,

दहा तारीख गेली. आता हे पत्र कशासाठी लिहितोय मलाही कळत नाही. आमच्या घरात नर्मदाबाई म्हणतात, लिहिता त्याला आणि करवादता माझ्यावर, त्यापेक्षा दोन्ही त्याच्यावरच काढा. म्हणून लिहितो.

मी तांड्यावर येऊन गेलो हे तुला कळलं असेलच. तू आणि तुझी आई कोळपायला गेला होता म्हणे. मी येणार हे कळल्यावर गेला की आधीच गेला होता, देव जाणे. तुझा बाप उत्तमसिंग भेटला. त्याला मी मे महिन्यातच विचारलं होतं, पोराला औरंगाबादला नेऊ का? तो तेव्हा म्हणाला होता, बघू सर, नायकाला इचारू. मला वाटलं माणूस रीतीनं बोलतोय. आपल्याकडं नाही का, हो म्हणायच्या आधी घरात विचारतो म्हणतात, तसं. तांड्याचा नायक म्हणजे लग्नाची सुपारी आणि भांडणाचा निवाडा, एवढ्यापुरताच असतो अशी माझी समजूत.

परवा मला नायकापुढं नेऊन बसवलं. तुमचा लालसिंग नायक बाजेवर, मीही बाजेवर, आणि भोवती निम्मा तांडा. म्हातारा शांतपणे म्हणाला, "सर, तुमी पोराला इचारलं, पोराच्या बापाला इचारलं. तांड्याचं लेकरू भाईर जायचं म्हणलं तर हिथं बसून बोलावं लागते. किसनराव आले, बसले, च्या पिले, बोलले. तुमी काहून न्हाई आले?"

इतकी वर्षं तांड्याची पोरं शिकवतोय आणि ही गोष्ट मला माहीत नाही. आणि त्या किसनरावाला माहीत आहे, जो एरवी तुमच्या माणसाला ओट्याच्या वर येऊ देत नाही. त्याला बरोबर ठाऊक असतं, कुठली बाज कधी गाठायची. मला तेव्हा चहा आला होता. पित्त आहे म्हणून मी घेतला नाही. तेवढ्यावरून तुम्ही लोक माणसाची पारख करत असाल तर करा बापडे.

म्हणजे आता मला कळलं. तुला नायकानं सांगितलं आणि तू ऐकलंस. किसनरावानं गोड बोलून नेलं तुला. तिथं तू कप्तान होशील, सगळा वेळ तूच खेळशील, असंच सांगितलं असणार. अरे, जिथं दुसरं कोणी खेळतच नाही तिथं कप्तान व्हायला काय लागतं?

सो. कावरखे


सेनगाव,
२ नोव्हेंबर १९९९

विकास,

परवा बाजाराच्या कामानं हिंगोलीला आलो होतो. काम लवकर आटोपलं, आणि तुमच्या कॉलेजावरून जात होतो म्हणून आत डोकावलो. झोनलच्या स्पर्धा तुमच्याकडंच आहेत हे मला तिथं गेल्यावर कळलं. नर्मदाबाई विचारतात, बाजारात गेलात तर रिकामी पिशवी कशी आणली? बायकांना काय, काहीही विचारतात.

मी कडुनिंबाच्या मागं उभा होतो, तुला दिसलो नसेन. दिसलो असलो तरी तू ओळख दाखवली नाहीस. मैदानावरचं सोयाबीन किसनरावांनी दोन दिवसांपुरतं एका कडेला ओढून ठेवलं होतं आणि वर ताडपत्री टाकली होती. झाडलं होतं म्हणे. काय झाडलं? दाणे तसेच पसरलेले, आणि पाहुण्यांची पोरं घसरत होती. तुझे चार साथीदार कबड्डीचे. एकानं तर समोरच्याची मांडीच धरली. शिट्टी वाजल्यावर पंचालाच विचारतो, काय झालं? मी तोंडावर रुमाल धरला, नाहीतर लोकांनी पाहिलं असतं मी हसताना.

आता ऐक. डावा हात अजून तसाच आहे, लाकडाचा. फ्री थ्रोला गुडघे वाकवत नाहीस. रिबाउंड मात्र तूच घेतलेस, सगळे, आणि एकदा तू तीन जणांमधून वर गेलास तेव्हा पाहुण्यांचा कोच खुर्चीतून उठला. उठणारच. तो मनातल्या मनात विचारत असेल, हा पोरगा या खळ्यावर काय करून राहिलाय? उपांत्य फेरीत हरलात. एकटा माणूस किती ओढणार?

तुमच्या तांड्याची जीप भरून माणसं आली होती. तुझी आई मैदानाच्या अगदी कडेला, सोयाबीनच्या ढिगाला टेकून बसली होती. बॉल कोणाच्याही हातात गेला तरी ती ओरडत होती, आपल्याही आणि समोरच्याही. पाहुण्यांची पोरं तिच्याकडं बघून हसत होती. मी म्हटलं होतं तेच. तू मात्र प्रत्येक बास्केट झाल्यावर तिकडंच बघायचास. खेळाडूनं बॉलकडं बघायचं असतं, हे तुला मी आठवीत शिकवलं होतं.

मी तिला भेटलो नाही. गाडीची वेळ झाली होती.

सो. का.


सेनगाव,
११ मार्च २०००

विकास,

तुझं पत्र पोहोचलं. आठ महिन्यांनी एक कार्ड, आणि त्यातही अर्ध्यात पत्ता. ते मी इतक्यांदा वाचलं की नर्मदाबाईंचंही पाठ झालंय. तू लिहितोस:

"सर, नायकानं सांगितलं म्हणून मी हिथं न्हाई आलो. किसनरावानं बी न्हाई. तुमी तिकिटाच्या खिडकीवर गेले तवा याडीनं मला इचारलं, माझ्यामुळं तुला घेनार न्हाईत का रे? औरंगाबादला हातात बॉल आला की मला तेच ऐकू येत हुतं. जिथं माझी याडी बसू शकत न्हाई तिथं मला खेळायचं न्हाई. तुमी एकदा येऊन तिला भेटा. दोन शब्द बोला. मग मी तुमच्यावर कायच राग धरणार न्हाई."

वा. म्हणजे गुन्हेगार मी. रिंग मी बसवली, शाळेच्या वेळेआधी येऊन तुला पळवलं मी, औरंगाबादच्या कोचचे पाय धरले मी, आणि तुझ्या आईला जीपमध्ये बसवून घरी पाठवलं म्हणून तू माझ्यावर राग धरणार की नाही ते तू ठरवणार. अरे, निवड समिती आई बघून खेळाडू घेते का? त्या कॉलेजातल्या पोरांच्या आया तरी कुठं येऊन बसतात? कुठल्या जगात राहतोस तू?

आणि तिला भेटून मी काय बोलू? माफी मागू? कशाची? एका बाईला मी म्हणालो, बाई, तुम्ही परत जा, तिथं बरं दिसणार नाही. एवढंच. आजही तशीच वेळ आली तर मी तेच म्हणेन. माझं काय चुकलं हे मला अजून कळलेलं नाही, आणि तुझ्या कार्डानंही कळलं नाही. तेव्हा मी येणार नाही. तू राग धर, सुखानं धर.

काल आमची हळद घेऊन मोंढ्यावर आलो होतो. यावेळी खरंच आलो होतो. येताना तुमच्या कॉलेजावरून गाडी काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदानावर किसनरावांची हळद. शिजवलेली, ओली, वास येतोय. आणि तू पायानं ती खालीवर करत होतास, गड्यांबरोबर, काखेत बॉल धरून. विद्यापीठाचा होणारा खेळाडू. मी हॉर्न वाजवणार होतो, पण हात उचलला नाही. घरी आलो आणि जेवलो नाही, हेही तुला कळू दे. राग येतो रे मला. तुझ्या हातापायात देवानं जे घातलंय ते शंभर गावांत एखाद्याला मिळतं, आणि तू ते हळदीत तुडवतोयस, कशासाठी, तर आईला कडेला बसायला जागा पाहिजे म्हणून.

सो. का.


सेनगाव,
२० डिसेंबर २००१

विकास,

मध्ये पावणेदोन वर्षं मी लिहिलं नाही. तूही नाहीस. आता लिहितोय, कारण मी म्हणालो होतो ते झालं, आणि झालं की सांगावं लागतं.

विद्यापीठाच्या संघात तुला घेतलं. बारावा. गेलास, बाकावर बसलास, आलास. एक मिनिटसुद्धा उतरवलं नाही. तिथं माझा अमरावतीचा एक वर्गमित्र पंच म्हणून होता, त्यानं सगळं सांगितलं. म्हणाला, सरावात तुझा पोरगा सगळ्यांच्या वरचढ होता. मग कुणीतरी विचारलं, कॉलेज कुठलं? नाव सांगितलं, तर समितीतल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. ज्याच्या मागं कोच नाही, संघ नाही, नाव नाही, त्याच्यासाठी बोलणार कोण? तुझे किसनराव बोलणार होते? ते तर पेपरात फोटो यावा म्हणून हार घेऊन आले, आणि तू खेळला नाहीस कळल्यावर हार तसाच परत घेऊन गेले, म्हणे.

औरंगाबादला तुझ्या जागी जो पोरगा घेतला तो आता पोलिसात लागला. तुझ्याहून बोटभर बुटका आहे. मी पाहिलाय त्याला, तुझ्या डाव्या हाताचीही सर नाही त्याला. तू भरतीसाठी रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळतोस असं ऐकलं. हजार पोरांबरोबर पळ आता. ज्या दारातून तुला हात धरून आत नेत होते, त्या दाराबाहेर रांगेत उभा राहा.

आणखी एक. किसनरावांना डी.एड. कॉलेजची परवानगी मिळाली. इमारत कुठं? मैदानावर. पाया खणून झालाय, मी पाहून आलो. रिंगचा खांब उपटून भिंतीला टेकवून ठेवलाय. म्हणजे आता तुझ्या आईला बसायला कडासुद्धा राहिली नाही. हे लिहिताना मला आनंद होतोय असं तुला वाटेल. वाटू दे. मला काय होतंय ते मी कोणाला सांगत बसत नाही.

तुझ्या चुलत्याचा सुदाम आमच्याकडं बारावीला आहे. उंची तुझीच, पण हात तुझ्याहून मऊ आहेत. औरंगाबादचं जुनं दार मी पुन्हा ठोठावलंय. कोच तोच आहे आणि तो म्हणतो, आणा. यावेळी मी चूक करणार नाही. आधी लालसिंग नायकाच्या बाजेवर जाऊन बसणार, चहा पिणार, पित्त झालं तरी पिणार. सुदाम औरंगाबादला जाणार म्हणजे जाणार. तू मध्ये पडू नकोस, एवढीच विनंती.

सो. का.


सेनगाव,
२४ जून २००२

विकास,

काल रात्री झोप नाही. नर्मदाबाईंनी दोनदा विचारलं, तांड्यावर काय झालं? सत्कार झाला, म्हटलं. त्या म्हणाल्या, मग तोंड असं का? त्यांना काय सांगू? तूच एक माणूस आहेस ज्याला सांगायला नको, कारण हे सगळं तूच केलंस.

सुदामसाठी मी नायकाकडं जाणारच होतो. त्याच्या आधी तुमचीच जीप माझ्या दारात. तुझा बाप उतरला, हात जोडले, सर, चला, पोरगं बी.ए. झालं, तांड्यातलं पहिलं, नायकानं बोलावलंय. म्हटलं बरंच झालं, एका फेरीत दोन्ही कामं होतील. इस्त्रीचा शर्ट घातला. सेवालाल महाराजांच्या देवळापुढं सगळा तांडा बसलेला, माझ्यासाठी खुर्ची. चहा आला, तो मी पिलो, सगळ्यांदेखत पिलो. लालसिंगानं स्वतः उठून माझ्या डोक्याला फेटा बांधला. तोपर्यंत मला वाटत होतं, शाळेचा मास्तर म्हणून चाललंय.

मग तुझी आई उठली. स्टँडवरून पाठवली त्यानंतर मी तिच्यासमोर तेव्हा पहिल्यांदा उभा राहिलो. ती बायकांकडं वळली आणि म्हणाली,

"ह्या सरनं मला स्टँडवरून परत पाठवलं हुतं. मला लई लागलं हुतं तवा. पण त्यांनाच मग वाईट वाटलं. माझ्या लेकराला बोलावून म्हणले, तुझ्या याडीला मी परत पाठवलं ते माझं चुकलं. तू आता असं कॉलेज घे, जिथं ती रोज बघायला येईल. म्हणून पोरगं हिथं शिकलं, माझ्या डोळ्यापुढं. तीन वरीस मी त्याचा एक खेळ सोडला न्हाई. एवढा मोठा माणूस, पण चुकलं म्हणला. कोण म्हणतंय असं?"

मी तुझ्याकडं पाहिलं. तू देवळाच्या खांबाला टेकून उभा होतास, आणि मान खाली घातली नाहीस. सरळ माझ्याकडं बघत होतास.

मग ती माझ्याकडं वळली. "खरं ना सर? तुमीच म्हणले ना?"

विकास, तीन वर्षं मी त्या कॉलेजाला शिव्या घातल्या. तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र तेवढ्यासाठीच होतं. तुला माझ्याकडून जे पाहिजे होतं ते मी दिलं नाही, म्हणून तू ते माझ्या नावावर स्वतःच देऊन टाकलंस, आणि ती बाई एवढे दिवस ते जपून बसली. मी नाही म्हटलं असतं तर तिला कळलं असतं, की या माणसाला कधीच काही वाईट वाटलं नव्हतं, आणि पोटचं पोरगं आपल्याशी खोटं बोललं. एवढ्या माणसांत, तिच्या तोंडावर.

मी म्हटलं, "व्हय. मीच म्हणलो."

ती पाया पडली. मला पाय मागं घेता आले नाहीत, खुर्चीच्या मागं माणसं होती.

आणि मग सुदामची आई जीवनबाई पुढं आली. तिनं काय म्हणावं? सर, माझ्या बी लेकराला जवळच घाला, नानीबाईच्या पोरावानी. आमी बी कडेला बसू. नायक म्हणाला, ठरलं मग, सरच म्हणतात तर जवळचंच चांगलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सुदाम माझ्याकडं बघतोय, त्याला औरंगाबादचं सगळं मीच सांगितलेलं, आणि मी डोक्याला फेटा बांधून बसलोय. लांबचंच चांगलं, असं मी त्या क्षणी कोणत्या तोंडानं म्हणणार? नायकापुढं बोललेलं म्हणजे झालेलं, हे मलाच तर आधी माहीत नव्हतं, आता चांगलं माहीत झालंय.

म्हणजे तू मला बांधलंस. तुझं एक वाया गेलं ते गेलंच, आता या पोराचंही जाणार, आणि तेही माझ्याच शब्दानं. किसनरावांकडं तर आता मैदानसुद्धा नाही. जीवनबाई कशाच्या कडेला बसणार, डी.एड.च्या जिन्यावर?

माझं चुकलं असं मी या पत्रात लिहीन म्हणून वाट बघू नकोस. तांड्यापुढं म्हणालो तेवढं पुरे झालं.

पण खोटं तुझं आहे, तेव्हा निस्तरायचंही तूच. नायकाकडं जा, तिथं बस आणि बोल. नानीबाईला खरं सांगू नकोस, ते राहू दे तसंच. जीवनबाईला एवढंच सांग, की सर म्हणतात तुम्ही स्वतः औरंगाबादला चला, तिथं बसा, बघा, आणि मग ठरवा. माझं नाव घेऊन सांग. माझ्या नावावर काय काय सांगायचं हे तुला चांगलं जमतं. सुदामचं नाव घालायची मुदत पाच जुलै आहे. कोचला मी पत्र टाकलंय, पोराबरोबर त्याची आई येईल, मैदानाच्या कडेला तिला एक खुर्ची ठेवा म्हणून. ओढणी, बांगड्या, ती येईल तशी येईल.

गाडीत त्या दोघांबरोबर तू बस. मी स्टँडवर येणार नाही.

सोमेश्वर कावरखे